तव्यावरची अक्षरं

‘घरातल्या वस्तूंनी होतं’ असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओत नेलपॉलिश लावलेले दोन हात कार्डावर चिकट शाईनं नाव लिहायचे, वर कसलीशी पूड भुरभुरायचे, गरम हवा द्यायचे, की अक्षरं चकाकत वर उठायची. खरी पूड आणि गरम हवेची गन महाग, म्हणून खाली घरगुती उपाय दिलेले. पण घरगुती उपायांच्या व्हिडिओत अक्षर फुगतानाचा भाग नेमका कापलेला. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

तरी करून बघितलं. नवऱ्याच्या कंपनीतल्या पेंट शॉपचे, म्हणजे रंगकाम खात्याचे, साहेब निवृत्त होणार होते आणि शिफ्टमधल्या सगळ्यांनी कार्ड माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं होतं, साहेबांना पत्ता लागू न देता. पिंपळे गुरवात बारशाची, डोहाळजेवणाची कार्डं मी करून दिली होती. चाकणच्या कंपनीत माझं काम पहिल्यांदाच जाणार होतं.

शाईऐवजी डिंक घेतला. मेणबत्तीचा कीस टाकला, तर तो कार्डात जिरून वडा गुंडाळलेल्या कागदासारखे डाग पडले. मुलीचे मेणाचे खडू किसले, त्यांचा चिखल झाला. ग्लू गनची कांडी किसायला गेले आणि किसणीच कामातून गेली. हेअर ड्रायरनं सगळी पूड ओट्यावर उडवली. शेवटी पोळ्यांचा तवा उपयोगी पडला. तो तापवून कार्ड वर अधांतरी धरायचं. पण तव्यावर नीट वितळेल अशी पूड काही मिळेना.

ही धडपड ह्यांनी तीन दिवस बघितली. चौथ्या दिवशी शिफ्टवरून येताना पुडी आणली. काळी, मैद्यासारखी मऊ. ह्यांच्याकडे लोखंडी पार्टवर हीच पावडर फवारून भट्टीत भाजतात.

“कुठून आणलीत?”

“कंपनीतून. साहेबांना विचारून.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्यांच्यापासून कार्ड लपवायचं, त्यांनाच विचारून? त्या कंपनीत न विचारता साधा स्क्रू बाहेर आणला तरी घरी बसवतात.

“अहो, खरं सांगा.”

“खरंच सांगतोय.”

चौदा वर्षांची नोकरी माझ्या एका कार्डापायी जाणार, या भीतीनं मला जेवण जाईना. हे आंघोळीला गेले की मी बॅग तपासायची, आणखी काय काय आणलंय ते बघायला. एकदा ह्यांनी मला तसं करताना बघितलं. विसरलेला टॉवेल घेऊन परत आत गेले. त्याचाही मी संशयच घेतला.

पावडर मात्र परत पाठवली नाही, हेही सांगायला हवं. तव्यावर धरताच अक्षरं अशी तुकतुकीत उठली की मला मोह आवरला नाही.

निरोपाच्या कार्यक्रमाला घरच्यांनाही बोलावलं होतं. साहेब राजगुरुनगरकडचे, आयुष्य रंगात गेलेलं. त्यांनी कार्ड वाचलंच नाही. आधी अक्षरांवरून बोट फिरवलं.

“ही तर आपली काळी हाय.”

त्यांनी एका अक्षराची कड नखानं खरवडली.

“वहिनी, आनखी जरा भाजायला पायजे व्हती. कडंनं निघतीय.” मग ह्यांच्याकडे वळून हसले. “पावडर भायेर न्यायच्या गेटपासवर सही मीच केली. बायकोला कार्डाला पायजे म्हनला. कुनाचं कार्ड, ते न्हाई सांगितलं गड्यानं!”

सगळे हसले. मीही हसले. हे तेवढे माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मी म्हणाले, “चुकलं माझं.”

“असू दे,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आले आणि माझ्यासमोर बॅग उघडली. डबा, बाटली, रुमाल, सगळं एकेक करून ओट्यावर ठेवलं. मग कंपनीच्या गेटवर वॉचमनला दाखवतात तशी बॅग उलटी करून झटकली. रागावलेले नव्हते, त्यामुळे मला जास्तच रडू आलं.

त्याला आता दोन महिने झाले. रोज मी म्हणते, नका हो असं करू. हे रोज बॅग रिकामी करतात आणि मी ‘जा’ म्हणेपर्यंत तिथंच उभे राहतात.