फळीवरचा बाण

काल रावेतच्या घरी एक पार्सल लाकडी पेटीतून आलं. झाकण उचकटताच पाइनवुडचा राळेसारखा वास आला आणि मोशीची आमची जुनी खोली आठवली.

अप्पा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. मोडक्या पेट्यांच्या फळ्या घरी आणून तिथले सगळेच काहीबाही बनवत. एका संध्याकाळी अप्पांनी माझ्यासाठी अभ्यासाचं टेबल ठोकलं. बाजूच्या फळीवर काळा बाण होता आणि त्याखाली इंग्रजीत ‘अप’ छापलेलं.

“अप म्हणजे?” मी विचारलं.

“वर. पेटी ठेवताना ही बाजू वर ठेवायची.”

बाण तर जमिनीकडे होता. आई म्हणाली, “राहू द्या की. टेबलाला काय फरक पडतोय?”

अप्पांनी एकेक खिळा उपसला, फळी फिरवली, पुन्हा ठोकली. जेवण लांबलं म्हणून मी वैतागले होते.

त्याच दुपारी त्यांना कामावरून कमी केलं होतं, हे आईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्या संध्याकाळी तिलाही ते माहीत नव्हतं. अप्पांनी टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि म्हणाले, “बस आता. लिही.”