टीव्हीमागचं बटण

चूक माझीच. बाहेर पडताना घरातली बटणं बंद करायची माझी सवय. परवा दुपारी टीव्हीमागचंही केलं. तिथे, बॅटरी गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर माझी लेक मुक्ता पक्षी बघणाऱ्यांसाठी छोटं समाजमाध्यम चालवते. सॉफ्टवेअर फुकट, सर्वांना खुलं. तिच्या शब्दावर माणसं मोठ्या कंपनीचं ॲप सोडून इथे आली होती.

"बाबा, तुम्ही आम्हा पक्षीवाल्यांचं अख्खं गाव विझवलंत! आता माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

संध्याकाळी तिने बटण दाबलं. जरा वेळाने पडद्यावर निरोपांची रांगच लागली! इतर गावांतही कुणी कुणी असेच, आमच्याशी जोडलेले संगणक चालवतात. आमचा बंद दिसल्यावर त्यांनी आमच्याकडे यायचे निरोप धरून ठेवले होते. कुणाला धनेश दिसला होता, कुणी "कुठे, कुठे?" विचारत होतं. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप दिसलं की आपण त्यांचं दूध घेऊन ठेवतो, तसंच की हे! मालक कुणी नाही, तरी राखणारे इतके!

मुक्ताकडून लगेच खातं उघडून घेतलं आणि सगळ्यांसमोर पहिली ओळ लिहिली : "मी मुक्ताचा बाबा. दुपारी बटण मी बंद केलं, तिचा दोष नाही. मला माफ करा."