वात नव्हता तो

बाजाराचा दिवस होता, शाळेला सुट्टी. पार्वता अंगणात आली, डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिनं ओट्यावर ठेवलं. जुन्या लुगड्यात बांधलेली ढोलकी होती, सोबत एक बांबूची काडी. "हे गेले, मास्तर. परवा," ती म्हणाली. "तुमच्या घरी ठेवाले सांगतलं. मंडईत वाजली पायजे म्हणे." मी पाण्याचा लोटा पुढे केला. तिनं नुसती मान हलवली आणि निघाली. माझ्या घरचं पाणी ती कित्येक वर्षं घेत नाही. का, ते आज लिहितो.

तिचा नवरा सोमाजी आमच्या दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या फडाचा, ढोलकीवाला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दिवसाउजेडी दंडारी नाचतात. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या आसपास कुठंही सोमाजीची थाप पडली की लोक हातातली जिलेबी तशीच घेऊन रिंगणाकडे धावत. गाणी मी जुळवायचो, नाव त्याचं व्हायचं. मला त्याचा हेवा नव्हता असं आजवर सांगत आलो... होता, थोडा.

त्याची बोटं पहिल्यांदा सुजली ती धानाच्या रोवण्यात. पेरं लाल, मनगट जड, सकाळी मूठ मिटेना. चिखलात राबणाऱ्या कुणाची बोटं दुखत नाहीत? गावानं वात ठरवला, मोहाच्या बियांचं तेल चोळलं, निखाऱ्यावर शेक दिला. शिवाय ढोलकीवाल्याचे हात सुजले म्हणजे विद्या मुरून राहिली, असं आमचे म्हातारे मानत. सूज आली की आणखी वाजव, म्हणत. सोमाजी हसायचा आणि आणखी वाजवायचा.

गोंदियाच्या दवाखान्यात त्याला मीच नेलं. डॉक्टरनं बोटं दाबून पाहिली, मग दंडावरचा फिकट चट्टा बघितला आणि त्यावर सुई टोचली. सोमाजीला कळलंही नाही. त्याला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाला, "जोड़ों से शुरू हुआ है, मास्टरजी. महारोग है. इंजेक्शन अभी से लो, तो शायद हाथ बच जाए." बाहेर सोमाजी चणे खात बसला होता. काय म्हणे डॉक्टर, असं त्यानं विचारलं. मंडई तोंडावर आली होती आणि दुसरा ढोलकीवाला नव्हता. मी म्हणालो, "वात हाय."

मंडई झाली की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. मग धानाची कापणी आली, मग मळणी, मग पुढची मंडई...

त्याला कळलं ते विस्तवाजवळ. ढोलकीचं कातडं शेकताना बोट निखाऱ्याला टेकलं, कातडी करपली, आणि हा आपला गुणगुणतच होता. पार्वतानं हात मागं ओढला. दुसऱ्या दिवशी तो एकटा गोंदियाला गेला आणि परतला तो थेट माझ्या दारात. "तुले मालूम होतं?" मी खाली बघितलं. "हात माहे होते ना, मास्तर. मले काऊन नाई सांगतलं?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

इंजेक्शनं त्यानं घेतली, वर्षानुवर्षं. बोटं वळायची ती वळलीच. गावचा जमीनदार असलेल्या मालगुजारानं निरोप धाडला की मंडईत येऊ नकोस. तो निरोपही मीच पोचवला.

त्या मंडईला दंडार उभी राहिली आणि सोमाजी आला. धुतलेलं धोतर, उजव्या मनगटाला चामड्याच्या वादीनं बांधलेली बांबूची काडी. सरळ रिंगणात येऊन बसला. मालगुजारानं त्याला उठायला सांगितलं.

"कायले उठू? ज्याले भेव वाटून राहिलं, त्यानं उठावं."

उजवीकडे काडी, डावीकडे मनगटाचं हाड. असा ठेका आम्ही कधी ऐकला नव्हता. मालगुजार उठला, त्याच्यामागे बरेच उठले. मी गायला लागलो, पण खालच्या सुरात. सोमाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर धर, मास्तर. आता तरी." मी वर धरलं. त्यानंतर दर मंडईला तो आला. बोलावलं कुणीच नाही.

ढोलकी माझ्या खोलीत खुंटीला आहे. डाव्या कातड्यावर मधोमध एक गुळगुळीत खळगा पडला आहे, त्याच्या मनगटाचा. जाळून टाका म्हणून दोघेतिघे सांगून गेले. मी जाळणार नाही. संध्याकाळी ती मांडीवर घेतो, त्याची काडी माझ्या मनगटाला बांधतो आणि ठेका चुकत चुकत बसवतो. माझी बोटं धड आहेत, पण त्यांचं इथं काम नाही. या मंडईला रिंगणात त्याच्या जागी मी बसणार आहे. ज्याला उठायचं असेल, त्यानं उठावं.