खंडेनवमीचा लॅपटॉप

घनसावंगीच्या बस स्टँडजवळ, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत अंगद बसतो. काय काम करतोस असं कोणी विचारलं तर 'वेबसाइटी बनवतो, सर्व्हर सांभाळतो' असं सांगतो, आणि विचारणारा बहुधा पाऊसपाण्याकडे वळतो. त्याच्या घराण्यात आजवर मेंढरं सांभाळली गेली. वडील धुळाजी अजून थोडी बाळगून आहेत. खोलीत बसून पोरगा नेमकं काय राखतो हे त्यांना कधी उमगलं नाही, पण राखतो म्हणतोय म्हणजे राखत असणार, एवढा त्यांचा भरवसा.

आणि अंगद खरंच राखायचा. भाड्याचा नवा सर्व्हर हाती आला की आधी त्याची दारं लावायची, मग आत संसार मांडायचा, ही त्याची शिस्त. लागत नाही ती वाट बंद, पासवर्ड लांबलचक, बॅकअप रोज आणि तोही वेगळ्या जागी. एका कापूस जिनिंगवाल्याने पासवर्डात पोराचं नाव ठेवलं होतं. "शेठ, तिजोरीला सुतळी बांधता का?" असं अंगद त्याला गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता. स्वतःच्या कामाचा त्याला गर्व होता. थोडा जास्तच होता म्हणा ना.

जोडीला साधना होती. कुंभार पिंपळगावच्या राजानंद गुरुजींची मुलगी. संगणकाची पदवी घेतलेली, बोलायला कमी आणि कामाला चोख. जीपने यायची, जीपने जायची. गुरुजींनी अंगदला लहानपणी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे वयाने धाकटी असली तरी तो तिला साधनाताई म्हणे आणि ती त्याला सर.

अंगदच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट या दोघांनीच उभी केली. मंडळाचे अध्यक्ष अंगदचे चुलते, परमेश्वरकाका. मुलींचे फोटो, शिक्षण, फोन नंबर, सगळं त्या सर्व्हरवर. नंबर मंडळाच्या परवानगीशिवाय कोणाला दिसायचा नाही, या एका बोलीवर लोकांनी लेकींची माहिती दिली होती. काकांनी स्वतःच्या मुलीची, छकुलीची, माहिती सगळ्यांत आधी भरायला लावली. साधना बौद्ध घरातली. ती समाजाबाहेरची आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग खंडेनवमी आली. या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. पाटावर कुऱ्हाड, कोयता, लोकर कातरायची कातर मांडली गेली आणि आई, जयवंताबाई, म्हणाली, "तुझं पण आण की. त्याच्यावरच घर चालून राह्यलंय."

अंगदने लॅपटॉप आणून ठेवला.

"झाकण उघड त्याचं. तोंड झाकून कुणाची पूजा करत्यात व्हय?"

त्याने झाकण उघडलं. पडद्यावर अर्धवट टाकलेलं काम तसंच होतं. मंडळाच्या वेबसाइटची सेटिंगची फाईल, त्यात सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड, उघडेवाघडे. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. अंगदने झकास फोटो काढला आणि 'आमची हत्यारं' असं लिहून स्टेटसला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लाइकांचा पाऊस पडला.

थोड्या वेळाने, अंगद जेवायला बसला तेव्हा, साधनाचा मेसेज आला. "सर, फोटो मोठा करून पाहिला तर पासवर्ड वाचता येतोय. जल्दी बदलून टाका. बाहेरची वाट पण उघडीच आहे."

तिचं बराबर होतं. सणात घरून काम करता यावं म्हणून त्यानेच डेटाबेसला बाहेरून यायची वाट चार दिवसांपुरती खुली ठेवली होती. अंगदने फोटो दोन्हीकडून हटवला आणि "बदलतो" असं कळवलं. पण त्याच्या मनात एक बारीकसा काटा टोचला. जगाला शहाणपण शिकवणारा मी, आणि ही मला सांगणार? ती म्हणाली म्हणून ताटावरून उठायचं त्याच्या जिवावर आलं. जेवू, मग बघू, असं मनाशी म्हणाला. जेवणानंतर पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटायला तो गावभर हिंडला, आणि पासवर्ड होता तिथेच राहिला.

दसरा सरला आणि मुलींना फोन यायला लागले. अनोळखी माणसं, घाणेरडं बोलणारी. छकुलीला तर तिचाच फोटो पाठवून धमकावलं. काकांचा फोन येताच अंगद धावत खोलीवर गेला. सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. दसऱ्याच्या दिवशी कोणीतरी बाहेरून, बरोबर पासवर्ड टाकून, सरळ दारातून आत आलं होतं आणि सगळी माहिती घेऊन गेलं होतं. त्याने वाट बंद केली, पासवर्ड बदलले, काकांना पोलिसांत पाठवलं. सगळं केलं. तोंड तेवढं उघडलं नाही.

ग्रुपवर काकांचा आवाज आला. "माहिती भरायला बाहेरची पोरगी ठेवली, मंग काय व्हणार? तिला आपल्या लेकीबाळींचं काय पडलंय? इकले असतील नंबर."

"बिलकुल बराबर," खाली लोक लिहायला लागले. कोणी तिचं नाव लिहिलं, कोणी गाव, कोणी तिची जात. माहिती भरायला म्हणून साधनाही त्याच ग्रुपात होती. मग कोणीतरी लिहिलं, "अंगद हाय म्हणून जल्दी बंद तरी झालं." अंगदने एक मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. शेवटी त्याने नुसतं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्या जोडलेल्या हातांची त्याला पुढे जितकी लाज वाटली, तितकी त्या उघड्या पासवर्डाचीही वाटली नाही.

साधना यायची थांबली. तिची खुर्ची समोर रिकामी, आणि अंगदला मान वर करून तिच्याकडे बघवेना. तरी तो मूग गिळून बसला.

मग छकुलीचा फोन आला. "दादा, त्या साधनाताईला फोन करून म्या लई वंगाळ बोलले. तिनं काहीच उत्तर दिलं न्हाई. बराबर केलं ना म्या?"

"न्हाई छकुले," अंगद म्हणाला, "चूक माझी हाय." त्याने फोन ठेवला.

त्याच बसल्या जागी त्याने ग्रुपवर लिहिलं, "सर्व्हरच्या सुरक्षेत तांत्रिक त्रुटी राहिली होती. जबाबदारी माझी. क्षमस्व." उत्तरं धबाधबा आली. 'मोठं मन', 'असू दे भाऊ', फुलं, आणि काकांचं, "चूक कबूल करायला जिगर लागते." त्याला खूप हलकं वाटलं. आता साधनाताईंना परत बोलवू, म्हणून तो कुंभार पिंपळगावच्या जीपमध्ये बसला.

राजानंद गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. "ये अंगद," म्हणाले, आणि आतून पाणी मागवलं. पाणी साधनाच घेऊन आली.

"ताई, ग्रुपवर वाचलं न्हाई का? म्या सांगून टाकलं सगळ्यायला."

"वाचलं सर." तिने तांब्या खाली ठेवला. "त्याच्यात माझं नाव कुठंय?"

अंगदने आपला मेसेज मनात आठवून पाहिला. तिचं नाव कुठेच नव्हतं.

"चोर म्हणताना नाव घेतलं, गाव घेतलं, जात घेतली. माफीत कोणाचंच न्हाई. तुम्ही मोठे झालात सर. मी होते तिथंच हाय."

"तुमच्याकडं तो खंडेनवमीचा मेसेज हुता," अंगद कसाबसा म्हणाला. "ग्रुपवर टाकला असता तर..."

"टाकणारच हुते. बाबा म्हणले, थांब. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं हाय, त्याचं तो सांगंल."

गुरुजी खाटेची सुतळी चाचपत खाली बघत होते. ते काही बोलले असते, रागावले असते, तर अंगदला बरं वाटलं असतं.

त्याने फोन काढला. या खेपेला पुसलं काही नाही. "खंडेनवमीच्या फोटोत पासवर्ड मीच दाखवला. बाहेरची वाट मीच उघडी ठेवली. साधना राजानंद यांनी त्याच दिवशी मला सावध केलं होतं. मी ऐकलं नाही, आणि त्यांना चोर म्हणत असताना मी हात जोडून गप्प बसलो." तिचा तो मेसेज आणि खाली स्वतःचं 'बदलतो' हेही त्याने जोडलं. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा उमटत गेल्या. फूल कोणी टाकलं नाही. मग काकांचा फोन आला, आणि "बाहेरच्या लोकायसमोर घरच्यायचं नाक कापलंस" हे अंगदने ऐकून घेतलं.

खाटेवर ठेवलेला साधनाचा फोन वाजला. पडद्यावर छकुलीचं नाव होतं. साधनाने ते थोडा वेळ बघितलं, फोन उचलला, "बोल," म्हणाली आणि आत गेली.

गुरुजींनी तांब्या अंगदपुढे सरकवला. "पाणी पी," म्हणाले.

ताई उद्या कामावर येतील का, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही. मान खाली घालून तो पाणी प्यायला आणि तांब्या जागेवर ठेवून उठला.