पोटावरचा पट्टा

माझ्या जावेच्या, सुनंदाच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज होती. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून खराब भाग काढून टाकला. ती घरी आल्यावर सासूबाईंनी पोटावरच्या बारीक खुणा पाहिल्या.

"एवढंच? माझी टिकली याहून मोठी आहे. सोमवारपासून पोळ्या लाटशील."

आपल्याकडे दुखणं बाहेरून मोजतात. जखम जेवढी लांब, तेवढी विश्रांती. आत वीतभर आतडं कमी झालं, ते कुणाला दिसणार? शौचातून रक्त जायचं, तेही तिने कित्येक महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मी औषधांच्या दुकानातून पोटाचा रुंद पट्टा आणला आणि तिच्या गाऊनवरून, सगळ्यांना दिसेल असा बांधला.

"अगंबाई, बरंच मोठं होतं की," सासूबाई म्हणाल्या. "पडून राहा गं महिनाभर."

सुनंदा भिंतीकडे वळून हसली, टाके ओढणार नाहीत इतपतच.