चिखलात शिकलेलं बॉक्सिंग

परवा सापगावच्या रस्त्यावर भातलावणीच्या चिखलाचा वास आला आणि माझ्या मुठी आपोआप वळल्या.

तरुणपणी मी हेवीवेट बॉक्सर होतो. ठोसा दणदणीत, तरी मुरबाडच्या सामन्यात हरलो. का, ते कळेना. दुसऱ्या दिवशी शेतात रोपं लावता लावता आई म्हणाली, "काल तुझा सामना बगितला मी. नुसता पुढंच घुसतोस. मागं सरता येतं का रे तुला? नाय ना?"

"त्यात काय!" म्हणत मी रोपांची जुडी घेऊन तिच्या शेजारी उतरलो. भाताची लावणी मागे सरतच करायची असते; लावत लावत चार पावलं मागे सरलो आणि चिखलात उताणा पडलो. आई मात्र वाकलेलीच, वळूनही न बघता सरळ मागे सरकत राहिली.

तेव्हा मला हसू आलं होतं. आज वाटतं, त्या शेतात सगळ्या अंगांनी तयार बॉक्सर एकच होता, आणि तो मी नव्हतो.