नडगीला झोंबणारी आंब

धुळाची मेंढरं रोगानं बसली ती उठलीच नाहीत. मग माणदेशातल्या आपल्या पडीक काळ्या पट्टीत त्यानं हरभरा टाकला. लढाईचे दिवस, बाजारात दाणा मिळेना. हरभरा आला तर बायको भामाबाई आणि दोघी पोरी घरचं खाणार. गेला तर थोरल्या भावाच्या, आकारामाच्या मेंढरांमागं गडी म्हणून मुलूखभर हिंडायचं. आकाराम तोंडावर म्हणालाच होता, "कर शेती. माझ्याकडं गड्याची जागा हायच रिकामी."

जन्म मेंढरांत गेलेला माणूस. पहार मारून ओल बघावी, ढेकूळ मुठीत दाबावं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आपलंच माप काढलं. दिस उगवायला उघड्या पायांनी पिकातनं चालायचं. हरभऱ्याच्या पाल्यावर सुटणारा आंबट रस, म्हणजे आंब, नडगीला झोंबली, म्हणजे पीक अजून रसात आहे. झोंबायची थांबली, की पाणी द्यायचं.

पौषात शेजारचा गुंडा म्हणाला, "उद्या माझी मोट रिकामी हाय. पाणी पाज. खालची पानं पिवळी पडाय लागल्यात."

"न्हाई रं गड्या. आज तर लय झोंबलं."

"पीक तुझ्या पायास्नी सांगून वाळणार व्हय?"

धुळा हसला. आंब दिवसेंदिवस जास्तच झोंबत होती. एका सकाळी भामाबाई त्याच्या पायांना तेल लावायला बसली आणि थबकली. थंडीवाऱ्यानं नडग्या उकलून रक्ताच्या चिरा पडल्या होत्या.

"आवं, ह्या पायांस्नी साधं पाणीबी झोंबंल. पिकाचं काय कळायचं ह्यातनं?"

तो तसाच रानात पळाला. पाला हातात चुरचुरला. जमिनीच्या भेगेत पंजा गेला. गुंडाची मोट धरून त्यानं रान तुंबवलं. "आता हलकं पाज," गुंडा सांगत होता, "भेगाळल्या रानात लोंढा सोडलास तर पीक उबळंल, उभ्या जागी मरंल." पण धुळाचे हात थांबेनात.

आठवडा सरायच्या आत सारी पट्टी उभ्यानं वाळली. घाटा चिमटीत दाबला, तर आत दाणाच नाही.

आकाराम मेंढरं घेऊन बांधाशी आला. टोमणा मारला नाही, तेच धुळाला जास्त लागलं.

"चारू का?"

"चार," धुळा म्हणाला.

घरात भामाबाई मेंढरांमागं न्यायची भांडी बोचक्यात बांधत होती. दुपार कलल्यावर कळप हलला. पुढं आकाराम चालला होता. लंगडणारं एक कोकरू उचलून धुळानं खांद्यावर घेतलं आणि धुरळ्यात शिरला.